राणीसाहेबांची खिडकी

"काय नशीब काढलंस गं!" असं कुणी म्हणालं की तिचं डोकं तापायचं. आणि घरी येणारा प्रत्येक माणूस नेमकं हेच म्हणायचा. चप्पल काढायची, सरळ समोरच्या उंच खिडकीशी जायचं, कमरेवर हात ठेवून बाहेर बघायचं आणि म्हणायचं, काय नशीब काढलंस. नणंद म्हणाली. चुलतसासरे म्हणाले. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा नळाकडे बघायच्या आधी हे म्हणाला आणि मग त्याने नळ तसाच गळता ठेवून चहा घेतला.

तशी वस्ती होती देखणी, नाही कशाला म्हणा. रस्त्याच्या एका टोकाला थोरली बाग, तिच्यात तळं आणि तळ्यात बदकं. दुसऱ्या टोकाला धाकटी बाग, तिच्यात कारंजं. मधे जुन्या दगडी घरांची रांग, आणि त्यांच्यासमोर अशी झाडं की दोन्ही बाजूंच्या फांद्यांनी वर एकमेकींच्या गळ्यात गळे घातलेले. भर दुपारी रस्त्यावर हिरवा उजेड. नवऱ्याने घर बघितलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "आपली ठकी मोकळ्या हवेत वाढेल," तो म्हणाला. ठकी तेव्हा पोटात होती. आता ती बाहेर होती, रांगत होती, आणि तिचा बाप सकाळी त्या मोकळ्या हवेतून जो निघायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून झाडंही साजरी असतात. जवळून त्यांची पानं पडतात, आणि पानं पडली की नगरपालिकेचा माणूस पाठीवर यंत्र बांधून ती उडवायला येतो. इकडची पानं तिकडे, तिकडची इकडे, आणि यंत्राचा आवाज असा की विमान दारात उतरतंय. तो गेला की पळणाऱ्यांचा क्लब, त्यांच्या मास्तरांची शिट्टी. ते गेले की कुत्री फिरवणारे. मग लग्न ठरलेली जोडपी, कारण जुन्या पायऱ्यांवर फोटो छान येतात. फोटोवाला ओरडणार, "ताई, हनुवटी खाली! दादा, जरा प्रेमाने बघा!" ते प्रेमाने बघेपर्यंत ठकी जागी.

या सगळ्याचं तिला एवढं का लागावं? तर तिचं काम आवाजाचं होतं.

ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी ती शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. लग्नाच्या आधीपासून. सहावीचं विज्ञान म्हणजे तिचाच आवाज, हे ठरूनच गेलं होतं. एकदा एका शाळेत ती सहज गेली होती आणि दारातून नुसतं "आत येऊ का?" म्हणाली, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. "बाई, तुम्ही विज्ञान ना?" तेव्हापासून कुणी तिला तू काय करतेस विचारलं की तिला मनातल्या मनात म्हणावंसं वाटायचं, मी विज्ञान.

बाळंतपणात काम सुटलं. आता नव्या वर्षाची पुस्तकं निघाली होती. स्टुडिओतले रेकॉर्डिंगवाले दादा तिच्या बाजूचे होते, पण त्यांच्याही डोक्यावर माणसं होती. दादा म्हणाले, "ताई, घरून एक धडा करून पाठवा. स्वच्छ आला तर सगळं पुस्तक तुमचं. नाही आला तर एक दुसऱ्या बाई थांबल्यात. चांगल्या आहेत, काय सांगू." मग धीर द्यायला म्हणाले, "तुम्हाला काय अवघड? तुम्ही तर आता त्या बागांजवळ राहता. नशीब काढलंत."

बेडरूममध्ये भिंतीतलं एक जुनं लाकडी कपाट होतं, माणूस आत बसेल एवढं मोठं. तिने त्यातले कपडे काढून पलंगाखाली कोंबले. आतून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, मधे बुटकं स्टूल, मायक्रोफोन आणि छोटा दिवा. ठकी दुपारी झोपली की ही कपाटात. दार ओढून घेतलं की आत असा उकाडा की शब्दाआधी घाम फुटायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा, फक्त इथे तोंड उघडं ठेवायचं होतं.

धडा होता घर्षणाचा. तीन दुपारी खपून तिने तो पुरा केला आणि पाठवून दिला. दुसऱ्याच दिवशी दादांचा फोन.

"ताई, धडा ऐकला. छान वाचलाय. फक्त एक विचारायचं होतं."

"काय?"

"या राणीसाहेब कोण?"

"कोण राणीसाहेब?"

"तेच म्हणतो मी. 'दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले असता गतीला विरोध होतो', इथपर्यंत बरोबर आहे. मग मागून बारीक आवाजात एक माणूस म्हणतो, 'आणि या खिडकीत राणीसाहेब बसत.' पुस्तकात बघितलं मी. घर्षणाच्या धड्यात राणीसाहेब नाहीत."

तिने रेकॉर्डिंग कानाला लावून पुन्हा ऐकलं. होता की माणूस. अपुऱ्या झोपेत तिच्या कानांनी तो गाळून टाकला होता, मायक्रोफोनने नाही.

"काढता येईल का हो दादा?"

"अहो, पंखा असता, मोटार असती, तर काढली असती. एकसुरी घरघर गाळता येते. माणसाचं बोलणं तुमच्या बोलण्यात मिसळलं की ते दुधातलं पाणी. पुन्हा करा. पण या आठवड्यातच हं ताई, मला पुढे थांबवता येणार नाही."

आधीचं घर गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजच्या वर होतं. दिवसभर खालून घरघर. तिथे तिने दोन पुस्तकं केली आणि दादांनी सगळी घरघर गाळून दिली. इथे शांतता होती, आणि शांततेत प्रत्येक आवाज पांढऱ्या चादरीवरच्या डागासारखा उठून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कपाटात न जाता खिडकी धरली. हा राणीसाहेबवाला आहे तरी कोण, बघूच.

थोड्या वेळाने आला. मिटलेली लाल छत्री उंच धरलेली, गळ्यात ध्वनिवर्धक, मागे पाहुण्यांचा घोळका. जुनी वस्ती चालत दाखवणाऱ्यांपैकी एक. वस्तीत असे बरेच होते, पण याचा आवाज खणखणीत. घोळका चालून चालून दमलेला, आणि रस्त्यावरची सगळ्यात दाट सावली नेमकी तिच्या खिडकीखाली. तिथे एक बाकही होतं. सगळे टेकले, पाण्याच्या बाटल्या निघाल्या. छत्रीवाल्याने छत्री थेट तिच्यावर रोखली.

"आणि या खिडकीत राणीसाहेब बसत! स्वभावाने फार कडक. त्यांचा हुकूम होता, त्या आपल्या खास महालात गेल्या की कुणीही आवाज करायचा नाही. भांडं वाजवायचं नाही. नळ सोडायचा नाही. एवढंच काय, मंडळी, शिंकायचंसुद्धा नाही!"

मंडळी हसली. एका टोपीवाल्या गृहस्थांनी लगेच खोटी शिंक काढली. त्यांच्या मुलीला तर चेवच चढला. तिने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि वर बघून हाक मारली, "राणीसाहेऽऽब!"

आत ठकीने भोकाड पसरलं.

तिने खिडकी ओढली. खिडकी नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडली. फुगलेलं लाकूड, वाकडी चौकट, फटीतून बोट जाईल. दुहेरी काचेच्या खिडक्या बसवू द्या म्हणून ती वस्ती जपणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंकडे जाऊन आली होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाहेरचं रूप बदलता यायचं नाही. अहो, इतकी वर्षं त्या खिडकीत माणसं राहिली, कुणाची तक्रार नाही."

"त्यांना कुणी विचारलं नसेल," ती म्हणाली, आणि अर्ज तिथेच संपला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकलं.

"तू असं कर," तो म्हणाला, "दुपारी जरा बागेत जात जा. मन शांत होतं."

"मला मन शांत नकोय. मला खिडकी शांत हवी आहे."

"दोन मोठ्या बागा आहेत गं दाराशी. लोक तरसतात."

"मग त्या लोकांना सांग धडा वाचायला."

"एवढं काय चिडायचं? आई आहे ना मदतीला."

यावर ती मनातच बोलली, कारण सासूबाई आत होत्या आणि भिंती जाड असल्या तरी दारं जुनी होती. आई आहे मदतीला! ती कपाटाकडे वळायचा अवकाश, सासूबाईंनी पायात चप्पल सरकवलीच म्हणून समजा. "येते गं बागेतून." रोज. नेमकं तेव्हाच. धाकट्या बागेत कारंज्याजवळ त्यांचं बाकमंडळ जमायचं, चार-पाच म्हाताऱ्या आणि एक कानाने कमी ऐकू येणारे निवृत्त पोस्टमास्तर. नातीपेक्षा बाक प्यारं. एक दिवस तरी म्हणाव्यात, मी बसते ठकीपाशी, तू कर तुझं. छे. आणि आपण होऊन सांगायचं तर तिचाही मान आडवा येत होता. मागून घेतलेल्या मदतीला काय चव?

आठवडा सरत आला. तिने पहाटे वाचून बघितलं, तर पक्ष्यांनी झाडावर बाजार मांडलेला. संध्याकाळी, तर फोटोवाला. दुपार तेवढी धड होती, आणि दुपार छत्रीवाल्याने लिहून घेतलेली. शेवटी तिने ठकीला कडेवर घेतलं आणि तरातरा जिना उतरून खाली गेली. घोळका बाकावर टेकत होता.

"अहो छत्रीवाले, जरा इकडे या."

तो आला, हसतमुखाने. "बोला ताई. सोबत यायचंय? लहान मुलांना फुकट आहे."

"मी वर राहते. त्या खिडकीत."

त्याचा चेहरा उजळला. "खरंच? काय नशीब—"

"म्हणू नका! अजिबात म्हणू नका. त्या खिडकीत कुणी राणी नव्हती. हे धान्याच्या व्यापाऱ्याचं घर होतं, खाली दगडावर कोरलंय. तुम्ही दिसेल त्याला वाटेल ते सांगता, माझं मूल उठतं, माझं काम बुडतं. दुसरीकडे कुठेतरी थांबा."

"दुसरीकडे सावली नाही ताई. आणि वाटेल ते मी सांगत नाही." तो दुखावला गेला होता. "इतकी वर्षं या घराचं मला काही मिळत नव्हतं. माणसं इथे बसणार, मग त्यांना काहीतरी सांगायला नको? मी पाण्याच्या टाकीची लांबी-रुंदी सांगायचो. पण ही माहिती पक्की आहे. याच घरातल्या आजींनी दिली. स्वतःहून."

"कुठल्या आजी?"

"आहेत एक. धाकट्या बागेत बसतात, कारंज्यापाशी. मी विचारलं, आजी, तुमच्या घराचा काही इतिहास? तर म्हणाल्या, इतिहास कसला रे, वर खिडकीत आमच्या राणीसाहेब असतात ना. दुपारी त्या कपाटात शिरल्या की घरात कुणी हूं की चूं करायचं नाही. भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही. मला शिंक आली तर मी उशीत तोंड खुपसते."

"कपाटात?" ती म्हणाली.

"मी महाल म्हणतो. कपाट बरं वाटत नाही. आणि 'असतात'चं 'असत' केलं. म्हाताऱ्या माणसांचा काळ जरा मागेपुढे होतो."

ठकीने हात लांबवून त्याची छत्री पकडली. छत्रीवाल्याने ती तिच्या हातात राहू दिली. ठकीच्या आईची कानशिलं गरम झाली होती. बाकावरची मंडळी कुतूहलाने बघत होती, आणि एक बाई दुसरीला हळूच विचारत होती, "या पण टूरमध्येच आहेत का?"

सासूबाई परत आल्या तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी शेंगा निवडत बसली होती. निवडत म्हणजे, सोलत कमी आणि मोडत जास्त.

"आई, मी राणीसाहेब का?"

सासूबाईंनी चप्पल काढली, पिशवी ठेवली, खुर्ची ओढली. तेवढ्यात त्यांना कळलं असावं.

"कोण म्हणालं?"

"सगळी वस्ती म्हणते आहे. ध्वनिवर्धकावरून. तुमच्या कृपेने."

"तो छत्रीवाला होय! मेला, मी त्याला तसं म्हटलं होतं का? बाकावर बसलं की माणूस बोलतं काहीबाही. सासवा म्हणतातच सुनेला राणीसाहेब. मला माझ्या सासूबाई महाराणी म्हणायच्या. तुला एक पायरी खालीच उतरवलं मी."

"चेष्टा नका करू. माझं काम चाललंय हातचं."

"काम, काम! अगं, पुस्तकच वाचतेस ना? मी काय वाचू नको म्हटलं?"

"मोठ्याने वाचायचं असतं आई. चुकलं की पुन्हा. आवाज आला की पुन्हा. एका पानाला माझी दुपार जाते. आणि तुम्ही मला एकटीला ठकीजवळ टाकून बागेत जाता, वर माझी टिंगल करता!"

आता सासूबाईंनी तिच्या हातातली शेंग काढून घेतली आणि टोपलीत टाकली.

"बागेत जाते?" त्या म्हणाल्या. "मला काय त्या बागेचं कौतुक आहे? गुडघे बघ माझे. जिना उतरायचा, चढायचा. त्या पोस्टमास्तरांना एकच गोष्ट चार वेळा ओरडून सांगायची. मी का जाते? घरात राहिले तर माझा खोकला. माझी खुर्ची वाजते. माझी बांगडी वाजते. पहिल्या दिवशी मी पाणी प्यायले तर तू कपाटातून डोकं काढून माझ्याकडे कसं बघितलंस, आठवतं? मी विचार केला, नको गं बाई. ही बसली की आपण निघावं. उन्हात का होईना."

तिला आठवलं. पेला ठेवल्याचा तो आवाज, आणि आपली नजर.

"मग म्हणायचं तरी," ती म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती, आणि ती गेल्याचाच तिला राग आला. भांडण असं अर्ध्यावर हातातून निसटलं की ते कुठे ठेवावं कळत नाही.

"तू विचारलंस कधी?" सासूबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

शुक्रवार उजाडला. दादांना धडा संध्याकाळपर्यंत हवा होता. दुपारी ठकी झोपली. सासूबाईंनी चप्पल घातली, पण आज त्या "बागेतून येते" म्हणाल्या नाहीत. "तू बस," एवढंच म्हणाल्या. "आज कोण बोलतो बघते."

ती कपाटात शिरली. गोधड्या, दिवा, घाम. "घर्षण. आपण जमिनीवर चालतो तेव्हा..." आवाज चांगला लागला होता. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. उदाहरणं गेली, आकृतीचं वर्णन गेलं, जे तिला नेहमी जड जायचं. खालून काही येत नव्हतं. शेवटचं पान उरलं, मग शेवटचा परिच्छेद. ती इतकी वाचनात होती की मधलं पान उलटताना तिने श्वाससुद्धा बाजूला वळून घेतला.

"म्हणून यंत्रांच्या भागांना तेल..."

"ए छत्रीवाल्या! तोंड बंद!"

गोधड्या, कपाट, भिंत, खिडकी, सगळं भेदून तो आवाज आत आला.

"बंद म्हटलं ना! वर आमची सून काम करते आहे! राणी नाही आणि फाणी नाही. सून आहे माझी. ज्या पोरांना दिसत नाही त्यांना ती अख्खं विज्ञान वाचून दाखवते. एकेका पानाला दुपार जाते तिची, दुपार! तुला काय, आलास, छत्री उंचावलीस, गेलास. अहो टोपीवाले, तुम्ही हसू नका. तुम्हाला येईल का घर्षण सांगता? काय म्हणता बाई? हो हो, तीच खिडकी. कपाटात बसून करते. गोधड्या लावून. नाही, वर नाही जाता यायचं. बाळ झोपलंय!"

बाळ उठलं.

तिने हेडफोन काढले. दिवा तसाच जळत होता. तेल घातलेल्या यंत्राचं वाक्य तोंडात अर्धवट राहिलं होतं. तिने धाडकन कपाटाचं दार उघडलं, ठकीला उचललं आणि मशीनवर मागे जाऊन ऐकलं. नुसतं शेवटचं वाक्य असतं तर पुन्हा वाचलं असतं. पण शेवटच्या पानभर, अगदी हळू आवाजात सुरुवात करून, सासूबाई होत्या. आधी दबक्या आवाजात समजूत, मग दटावणी, मग हे. ती स्वतःच्या वाचनात बुडालेली, म्हणून तिला ऐकू आलं नव्हतं. जो माणूस कुणाला बोलू देणार नव्हता, तोच सगळा वेळ बोलत होता.

आणि नेमकं त्यात ते वाक्य होतं. इतक्या वर्षांत घरात कुणी न म्हटलेलं. तिने ते पुन्हा लावलं. वर आमची सून काम करते आहे. मग चिडून बंद केलं. धड रागावू पण देत नाहीत ही माणसं.

सासूबाई धापा टाकत वर आल्या. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं तेज.

"झालं? कसा गप्प केला!"

"आई, धडा गेला."

"गेला म्हणजे?"

"तुमचा आवाज आलाय. पानभर."

"माझा?" त्या टेकल्या. "खालून? एवढा वर? ऐकू."

तिने ऐकवलं. सासूबाईंनी मान तिरकी करून, पदराने घाम पुसत, शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा आधी पडला, मग हळूहळू वर आला.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. जरा थांबून, "पण आवाज बरा येतो गं माझा."

तिने फोन उचलला. आता थांबली असती तर पुन्हा उचलला नसता.

"दादा, धडा घरून होणार नाही. मला स्टुडिओत वेळ द्या. उद्या."

"अहो, पण एवढी शांत वस्ती—"

"दादा, उद्या आहे का वेळ?"

"सकाळचा आहे. पण ताई, बाळाचं काय कराल?"

तिने सासूबाईंकडे बघितलं. ठकी त्यांच्या मांडीवर जाऊन त्यांची बांगडी चावत होती.

"बाळाची आजी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"मला विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"आता विचारते."

"याला विचारणं म्हणतात होय?"

"आई, माझ्या जागी दुसऱ्या बाई घेतील. मग सहावीचं विज्ञान त्यांचं. मला ते नाही सोसायचं. बघाल का हिला? रोज सकाळी, पुस्तक संपेपर्यंत."

सासूबाईंनी ठकीच्या तोंडातून बांगडी सोडवली. तिने लगेच दुसरी धरली.

"रडेल ती."

"रडेल."

"फोन करायचा नाही मग. मीही करणार नाही. रडेल नि थांबेल. आणि मी हवं तेवढं खोकणार, नळ सोडणार, भांडी आपटणार."

"आपटा."

"दूध काढून ठेव. आणि ते पोरीचं टोपडं मला सापडत नाही कधी, ते समोर ठेव."

शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा ठकीने दाराशी जो सूर लावला तो पायऱ्या उतरेपर्यंत सोबत आला, रस्त्यावर आला, झाडांखालून आला. पानं उडवणारा माणूस यंत्र बंद करून वर बघायला लागला. तिने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर संपलंच. बस मिळेपर्यंत ती स्वतःशी पुटपुटत होती, रडेल नि थांबेल, आणि बसमधल्या एका बाईने तिला बसायला जागा दिली, बहुतेक घाबरून.

स्टुडिओचं जाड दार बंद झालं. कान गच्च झाले. तिला वाटलं होतं, या शांततेत आपल्याला बरं वाटेल. पण छातीत दूध भरून आलं होतं, आणि दाराबाहेर काही वाजतंय का म्हणून कान उगाच टवकारले जात होते. काही वाजत नव्हतं. काचेपलीकडून दादांनी अंगठा वर केला.

"घर्षण. आपण जमिनीवर चालतो तेव्हा..."

दादांनी हात वर केला. "थांबा ताई. आवाज येतोय."

"कसला?" ती जवळजवळ ओरडली. "इथे कसला आवाज?"

"गुरगुर. बारीक. पुन्हा वाचा बरं."

तिने वाचलं. दादांनी डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून संकोचाने खाली बघितलं.

"ताई, खाऊन आलात का?"

ती सकाळ आठवू लागली. ठकीचं खाणं, सासूबाईंचा चहा, नवऱ्याचा डबा, काढलेलं दूध, टोपडं समोर. स्वतःचं काही आठवेना. आणि तेवढ्यात पोटाने त्या बंद खोलीत सगळ्यांसमक्ष स्वतःच उत्तर दिलं.

"हे मला गाळता येत नाही," दादा म्हणाले. "एकसुरी नाहीये."

पिशवीत ठकीसाठी ठेवलेलं एक केळं राहून गेलं होतं, एका बाजूने काळं पडलेलं. तिने ते काढलं. दादांनी माइक बंद केला आणि पाठ फिरवून आपल्या तारा नीट करत बसले. ती स्टुलावर बसली, आणि दोन्ही हात रिकामे असताना, कुणाच्या तोंडात तुकडा न भरवता, ते केळं सावकाश खाऊ लागली. अर्ध्यावर तिला रडू आलं. ते तिने थांबवलं, कारण रडलेला आवाज लगेच कळतो आणि वेळ फक्त सकाळचा होता. साल पिशवीत टाकली, पाणी प्यायली, घसा साफ केला.

"दादा," ती म्हणाली, "चालू करा."